सुई टोचायच्या आधी

सोलापूर
शुक्रवार, रात्री साडेअकरा

प्रिय सच्या,

काल पार्क चौकात तू रिपोर्ट दाखवलास तेव्हा मी नुसता "हं" म्हणालो आणि गाडीला किक मारली. तुला वाटलं असेल, दत्त्याला काही पडलेलं नाही. तसं नव्हतं रे. मला जे सांगायचं होतं ते चहाच्या गाड्यावर, चार ओळखीच्या माणसांत तोंडातून निघालं नसतं. समोरासमोरही निघालं नसतं. म्हणून ही झोपल्यावर वही घेऊन बसलोय.

तुझा टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा, आकडा २४६. त्याखाली 'लो' छापलंय, आणि ते वाचून तुझा ट्रेनर म्हणाला, "तुझं आतून तसंही तयार होईना, मग बाहेरून घेतलं तर तुझं काय जातंय?" सच्या, अगदी हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी मला एकाने ऐकवलं होतं. माझा आकडा तेव्हा २३८ होता. मी त्याचं ऐकलं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, आठवड्याला ५०० मिलीग्रॅम, बारा आठवडे. त्या वर्षी माझे दंड बघून तू किती खूश झाला होतास, आठवतंय? बारा आठवडे संपले की मी गळून जायचो, कशातच मन लागायचं नाही, म्हणून पुन्हा सुरू करायचो. लग्नानंतरही सुरूच होतं. घरात कुणाला माहीत नव्हतं.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. आम्हाला मूल होत नव्हतं. गड्ड्याच्या जत्रेत भेटलेली प्रत्येक मावशी-काकू हिलाच विचारायची, "काही गोड बातमी?" ही एकटी डॉक्टरांकडे गेली, स्वतःच्या सगळ्या तपासण्या करून आली. तिचं सगळं व्यवस्थित होतं. मग माझी वीर्यतपासणी झाली. शुक्राणू शून्य. कमी नव्हे, शून्य. तो कागद घेऊन मी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर किती वेळ बसलो होतो ते मलाच ठाऊक. घरी येऊन हिला इंजेक्शनांचं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला एक वर्ष वाटत होतं की माझ्यातच काहीतरी आहे."

हे असं का होतं ते मला हार्मोनच्या डॉक्टरांनी समजावलं, आणि आपण लूमवाले म्हणून ते मला लगेच कळलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच या दोन हार्मोन्सच्या रूपाने खाली ऑर्डर पाठवते. ऑर्डर आली की अंडकोषातले माग चालतात, टेस्टोस्टेरॉन बनतं, शुक्राणू बनतात. बाहेरून तयार माल आला की मेंदू म्हणतो, गोदाम भरलंय, ऑर्डर कशाला? ऑर्डर थांबली की माग बंद. अंडकोष आकसतात. रक्तातला आकडा मात्र झकास दिसतो, म्हणून माणूस फसतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच टेस्टोस्टेरॉन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. आठवड्याला २०० मिलीग्रॅम दिलं, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. ते निष्कर्ष १९९० साली छापून आलेत. जिममधला डोस त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि तिथे कुणी हे बोलत नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितोय ती गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न केला, "इंजेक्शन सुरू करण्याआधी एलएच किती होतं? तो कमी आलेला आकडा पुन्हा तपासला होता का?" माझ्याकडे एकच कागद होता. संध्याकाळी पाच वाजता रक्त दिलेलं. त्याआधी तीन महिने निम्म्या पोटी उकडलेली अंडी आणि काकडी खाऊन डाएट. पंधरा दिवसांपूर्वी तापाने आडवा पडलेलो. ते म्हणाले, "तेव्हा तुमच्यात खरंच दोष होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही." सच्या, सुई टोचायच्या आधी मी कसा होतो याचा पुरावा मीच पुसून टाकला. तुझा अजून शाबूत आहे.

आता तुझा रिपोर्ट बघ. रात्रपाळी करून आलास, तीन तास झोपलास, दुपारी भरपेट जेवलास आणि चार वाजता रक्त दिलंस. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, आपल्या वयात दुपारपर्यंत चांगलंच उतरतं. जेवल्यानंतरही उतरतं. झोपेचं तर विचारूच नकोस. शिकागोत दहा तरुण पोरांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. तू तर रात्रपाळीच्या आठवड्यात पाच तासही झोपत नाहीस, वर पहाटे जत्रेतले नंदीध्वज उचलायच्या सरावाला हजर. म्हणूनच डॉक्टर ३०० च्या खालच्या एका आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. वेगवेगळ्या दोन दिवशी, सकाळी लवकर, दोनदा कमी आलं आणि सोबत त्रासही असेल, तरच ते कमी मानतात. त्रास म्हणजे इच्छा मरणं, सकाळचा ताठरपणा जाणं. दंड चौदाचे सोळा इंच होत नाहीत, हा त्यातला त्रास नाही.

आणि नुसतं टोटल टेस्टोस्टेरॉन करू नकोस. सोबत एलएच आणि एफएसएच कर. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, म्हणजे ऑर्डर येतेय पण मागातच बिघाड आहे. दोन्ही कमी, किंवा टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढतच नाही, म्हणजे ऑर्डरच येईना, मग वर बघावं लागतं. त्यासाठी प्रोलॅक्टिन, पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन. पिट्युटरीवर छोटी गाठ असली तरी ते वाढतं, आणि त्याला गोळ्या आहेत. एसएचबीजी पण कर. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं ते प्रथिन पोट सुटलेल्या माणसात कमी असतं, त्यामुळे टोटल कमी दिसतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक निघू शकतं. थायरॉइड, साखर, रक्तपेशी मोजणारी सीबीसी हे तर डॉक्टर स्वतःच लिहून देतील. एक गोष्ट मात्र तूच सांगायला हवी. दहावीच्या सुट्टीत तुला गालगुंड झालं होतं आणि खाली सूज येऊन तू आठवडाभर लुंगीवर झोपून होतास. वयात आल्यावर गालगुंड अंडकोषाला धरलं तर पुढे त्याचा परिणाम राहू शकतो. लाजू नकोस, सांग.

समज, सगळं करूनही खरंच कमी निघालं. तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. घरात बाळ हवं असेल तर ऑर्डर पुन्हा सुरू करणारी औषधं डॉक्टर देतात. बाळाचा प्रश्न नसेल तर टेस्टोस्टेरॉनच देतात, पण आकडा जेमतेम मधल्या रेषेत येईल एवढंच, आणि रक्त किती घट्ट झालंय ते मधूनमधून तपासतात. ट्रेनरच्या बॅगेतली बाटली हा तो उपचार नव्हे. आत काय भरलंय ते त्यालाही माहीत नसतं. रक्त घट्ट होणं, चांगलं कोलेस्टेरॉल पडणं, छाती बायकांसारखी सुटणं, यातलं काय कुणाच्या वाट्याला येईल ते त्याने तुला सांगितलंय का?

माझं विचारशील तर, बंद करून चौदा महिने झाले. उपचार चालू आहेत. गेल्या महिन्यात एका मिलिलिटरला ४० लाख आले. निदान १ कोटी ६० लाख तरी हवेत म्हणतात. पण शून्य नाहीत. रिपोर्ट वाचून ही पहिल्यांदा हसली. डॉक्टर म्हणतात वाढतील, पण खात्री ते देत नाहीत, आणि मीही मागत नाही.

पुढच्या आठवड्यात तुझी दिवसपाळी आहे. रोज दहाला झोप, सराव चार दिवस राहू दे, मी मंडळाला सांगतो. जेवण सोडू नकोस, भाकरी-आमटी नेहमीसारखी खा. शुक्रवारी सकाळी पावणेसातला सात रस्ता चौकात उभा रहा, उपाशीपोटी. मी गाडी घेऊन येतो. रक्त देऊन झालं की आपल्या घरी जाऊ, हिने ताजी शेंगाचटणी कुटून ठेवलीय.

आणि येताना ट्रेनरने दिलेली ती बाटली घेऊन ये बे. माझ्याकडे दे.

तुझाच,
दत्ता