जिमखान्याची रजिस्टरं रद्दीत घालू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

ग्रेस मार्कांवरून तुमच्या पानावर वाचकांची जुंपलीय, खेळाडूंना फुकटचे मार्क देता म्हणून एक पार्टी चिडलीय आणि दुसरी म्हणतेय पोरं घाम गाळतात, द्या की. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, पीएचडी केली ती कॉलेजातल्या खेळांच्या इतिहासावर, तेव्हा स्टाफरूममध्ये "म्हणजे दिवसभर कबड्डी बघायची काय सर?" असं ऐकून घेतलंय, त्यामुळं थोडं बोलतो.

आमच्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांना 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, ही गोष्ट शेंबडं पोरगंपण सांगेल. पण खाशाबा वर्गात किती बसायचे, परीक्षेचं काय व्हायचं, हे विचारा, सगळे गप्प. आपल्याला मेडल आठवतं, हजेरीपट नाही.

अमेरिकेत कॉलेजातल्या खेळांच्या इतिहासावर प्रोफेसर लोक अख्खी हयात घालवतात. पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या रोनाल्ड स्मिथ यांनी तेच केलं. 1852 ला हार्वर्ड आणि येलची पहिली बोटींची शर्यत झाली ती एका रेल्वे कंपनीच्या पैशानं, म्हणजे धंदा पहिल्या दिवसापासून! आणि 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा गोड शब्द 1950 च्या दशकात पुढं आला तो जखमी खेळाडूला कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये म्हणून, हे एनसीएएचे (तिथली कॉलेजांच्या खेळांची संघटना) तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच नंतर लिहून ठेवलंय. तिथंही गोलमाल आहेच, पण निदान 1990 च्या कायद्यानं कॉलेजांना स्कॉलरशिपवरचे किती खेळाडू डिग्री घेऊन बाहेर पडले हे जाहीर करावं लागतं.

आपल्याकडं? माझी एक खो-खोवाली विद्यार्थिनी युनिव्हर्सिटीकडून खेळायला गेली, त्याच आठवड्यात सेमिस्टरचे पेपर, परत आल्यावर "पुढच्या वेळी बस" एवढंच उत्तर मिळालं, दोनदा असं झालं आणि तिनं शिक्षणच सोडलं. अशा किती, कुठं नोंद आहे का? नोंदच नाही तर ग्रेस मार्कांवर भांडून काय उपयोग.

नोंदी होत्या हो. एका कॉलेजच्या (नाव नको) मागच्या दाराशी रद्दीवाल्याच्या गाड्यावर जिमखान्याची रजिस्टरं बघितली, कापडी पुठ्ठ्याची, वाळवी लागलेली. 1961 च्या पानावर कबड्डी टीमच्या बनियन आणि गूळ-शेंगदाण्याचा हिशोब, आणि एका नावापुढं पेन्सिलीनं "इंग्रजीत नापास, फी माफी चालू ठेवावी". रद्दीच्या भावानं दोन पोती घेतली.

युनिव्हर्सिटीनं एवढंच करावं, जुनी रजिस्टरं जपावीत आणि स्पोर्ट्स कोट्यातून आलेल्यांपैकी पास होऊन किती गेले ते दरवर्षी नोटीस बोर्डवर लावावं. खर्च एका कागदाचा.

पोती माझ्या माळ्यावर आहेत, सूनबाई रोज विचारते कधी हलवताय. कुणा पोराला अभ्यासाला हवी असतील तर त्यानं या आठवड्यात यावं.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर