तिसऱ्या घडीवरचा मजकूर

बंगळुरू, ता. १२ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

सकाळीच फोनवर बोललो, तरी लिहायला बसलेय. काल माळ्यावरची ट्रंक काढली, त्यात हॉस्टेलवर आलेली तुमची सगळी अंतर्देशीय पत्रं निघाली, १९९६ पासूनची, सुतळीने बांधलेली. रात्री एक वाजेपर्यंत वाचत होते.

बाबा, पहिली दोन पानं तुमची. वर 'श्री', उजवीकडे तारीख, मग चिपळूणचा पाऊस, कलमांचा मोहोर, मनिऑर्डर कधी केली ते. आईच्या वाट्याला तिसरी घडी. ती भरली की आई, तू कडेने आडवं लिहायचीस. पत्र फिरवून फिरवून वाचावं लागायचं. 'डोक्याला तेल' एवढंच एकीकडे उरलंय, पुढचं मी घाईघाईने पत्र फोडताना फाटलं. एकाच्या कडेला भाताचं शीत वाळून चिकटलंय. डिंक संपला असणार. आत काही ठेवू नये असं छापलेलं असूनही तू अंगारा घालायचीस. घडीत त्याचा राखाडी डाग आहे अजून. कितीतरी वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते.

मागच्या वर्षी माझा फोन बिघडला आणि तुमचे चार वर्षांचे मेसेज गेले. तेव्हा हळहळले, पण त्यात तुमचं अक्षर नव्हतं. १९९८च्या पावसाळ्यातलं एक पत्र आहे, त्यात बाबांच्या ओळी उजवीकडे खाली उतरत गेल्यात. 'इकडे सर्व कुशल' लिहिलंय. तुम्हाला कावीळ झाली होती, हे मला दिवाळीत घरी आल्यावर कळलं. ओळी सांगत होत्या, माझ्याच लक्षात आलं नाही.

तार २०१३च्या जुलैत बंद झाली, गेल्या वर्षी रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात गेलं. अंतर्देशीय मात्र अजून अडीच रुपयांना मिळतं. खिडकीवरच्या बाईंनी खालच्या ड्रॉवरमधून गठ्ठा काढून दिला. दहा घेतली. त्यातली पाच या पाकिटात घातलीत, माझा पत्ता पिनकोडसकट लिहून.

बाबा, हात थरथरतो म्हणून तुम्ही सहीसुद्धा टाळता, ठाऊक आहे मला. तसंच लिहा. दोन ओळी लिहा. आणि आई, या वेळी पहिल्या पानापासून तू लिही. तिसरी घडी बाबांना ठेव.

तुमची,
धाकटी

ता. क. घरातला अंगारा संपलाय. पाठव.