सूचना : दुर्गम भागातील प्रगत प्रथमोपचार प्रशिक्षण

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर असताना करावयाच्या प्रगत प्रथमोपचारांचे प्रशिक्षण येत्या शनिवारी व रविवारी सकाळी ७ ते सायंकाळी ६ या वेळेत आपल्या नेहमीच्या सरावाच्या मैदानावर होईल. मोहीमप्रमुखांनी दोन्ही दिवस उपस्थित राहणे बंधनकारक आहे.

सर्वाधिक वेळ अस्थिभंगासाठी राखला आहे, कारण स्प्लिंट (मोडलेला अवयव स्थिर ठेवणारा आधार) बांधण्यापूर्वी आणि बांधल्यानंतर त्या अवयवाच्या टोकाकडील नाडी, संवेदना व हालचाल तपासण्याचे घाईत राहून जाते, आणि रुग्णाला हलविण्यास विलंब होणार असेल तर ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. टूर्निकेट (रक्तस्राव थांबविण्यासाठी हातापायावर आवळून बांधावयाचा पट्टा) बांधल्याची वेळ नोंदविणे व सीपीआर (हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देणे; मिनिटाला १०० ते १२० दाब) यांचाही सराव होईल.

- हातमोजे, हेडलॅम्प, वही-पेन्सिल सोबत आणावे.
- नावे गुरुवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत.