स्मृतिफलक योजनेसाठी मदतीचे आवाहन (कृपया शेवटपर्यंत वाचावे)

सप्रेम नमस्कार.

हे आवाहन खरे तर दोन महिन्यांपूर्वीच निघायला हवे होते. अध्यक्षांनी तीनदा आठवण केली. पण चिटणीस एकच, आणि त्याच्यामागे वार्षिक सभेचा अहवाल, हिशेब तपासनिसांच्या शंका आणि घरचे लग्न. तेव्हा उशिराबद्दल आधी माफी मागतो आणि मुद्द्यावर येतो. समितीच्या खात्यात आज जेवढी शिल्लक आहे तेवढ्यात एक दगड येईल, त्यावरची अक्षरे येणार नाहीत. आणि पावसाळ्याच्या आत आपल्याला पेठेत होऊन गेलेल्या माणसांच्या घरांवर चार स्मृतिफलक बसवायचे आहेत.

समितीची पहिली बैठक वाचनालयाच्या माडीवर झाली तेव्हा आम्ही सातच जण होतो, त्यातले दोघे वर्तमानपत्र वाचायला आलेले. त्या दिवशी आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई जे बोलल्या ते इतिवृत्तात आहे. लोकमान्य टिळक चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला गेले आणि १९१८-१९ मध्ये तिथल्या हौली प्लेसमधल्या दहा नंबरच्या घरात राहिले. त्या घरावर आज त्यांच्या नावाचा फलक आहे. “वर्षभर राहिलेल्या पाहुण्याचे घर त्यांनी लक्षात ठेवले, आणि आपल्या पेठेत सारी हयात घालवलेल्या शाहिराचे घर विचारले तर लोक मोबाइलच्या दुकानाची खूण सांगतात,” असे म्हणून बाईंनी पर्समधून एक पाकीट काढले आणि टेबलावर ठेवले. आत वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम होती. शाहिरांच्या घरावरचा पहिला फलक त्यातून झाला. देणगीदार म्हणून बाईंनी स्वतःचे नाव कोरू दिले नाही. आज त्या आपल्यात नाहीत, म्हणून निदान इथे उल्लेख करतो.

त्यानंतरचे १० फलक कसे उभे राहिले हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे, पण नव्या मंडळींसाठी दोन-तीन नोंदी करतो. आपले दगडाचे कारागीर पहिल्या तिन्ही फलकांना फक्त दगडाचे पैसे घेऊन राबले. यंत्राने कोरले तर लवकर होईल असे आम्हीच सुचवले होते. ते म्हणाले, अक्षर खोल गेले पाहिजे, रंग उडाला तरी बोटाला वाचता आले पाहिजे. त्यांचे म्हणणे खरे निघाले. अक्षरांत भरलेला पांढरा रंग दोन-तीन पावसाळ्यांत उडतो, काळ्या ग्रॅनाइटमध्ये गेलेली छिन्नी तशीच राहते. अजूनही दिवाळीच्या आधी ते रंगाचा डबा घेऊन स्वतः एक फेरी मारतात आणि त्याचे बिल कधीच देत नाहीत. टेम्पोवाल्या मित्रांनी आजवर भाडे घेतलेले नाही. मोडी लिपीच्या वर्गातल्या मुलामुलींनी जुन्या दप्तरांतली धूळ किती खाल्ली असेल त्याचा हिशेब मांडता येणार नाही.

आणि वैद्यांच्या घरच्या आजी. परवानगीच्या कागदावर सही करताना त्यांनी एकच अट घातली, की फलक मला पुसता येईल इतका खाली लावा. म्हणून तो एक फलक आपल्या ठरलेल्या उंचीपेक्षा वीतभर खाली आहे. त्याबद्दल ज्यांनी लेखी हरकत घेतली होती त्यांना हे उत्तर समजावे.

“एक दगड आणि चार स्क्रू, एवढ्याला पैसे कशाला?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. दगड हा शेवटचा खर्च आहे. अमुक व्यक्ती याच घरात राहत होती याचे किमान दोन स्वतंत्र पुरावे असल्याशिवाय आपण फलक लावत नाही. सिटी सर्व्हेचा उतारा, नगरपालिकेचे घरपट्टीचे जुने रजिस्टर, शाळेचे जनरल रजिस्टर, पत्राच्या पाकिटावरचा पत्ता, जे मिळेल ते शोधावे लागते. घरांचे जुने नंबर आणि आजचे नंबर जुळत नाहीत. “आमचे आजोबा सांगायचे” हा पुरावा आपण ऐकून घेतो, चहाही पितो, पण नोंदवहीत तो अर्धाच धरतो. नकलांची फी, प्रवास, कागदपत्रांचे फोटो, मोडीचे वाचन या सगळ्याला पैसे लागतात, आणि ते फलकावर दिसत नाहीत.

एवढे करूनही चूक होते. आठव्या फलकाच्या वेळी झाली, आणि ती माझीच होती. जन्माची नोंद शके १७८८ च्या माघातली होती. मी अठ्ठ्याहत्तर मिळवले आणि १८६६ कोरायला दिले. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे ते संपण्याच्या आतच इंग्रजी सन पालटलेले असते आणि माघ-फाल्गुनाला अठ्ठ्याहत्तर नव्हे, एकोणऐंशी मिळवावे लागतात. म्हणजे १८६७. अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी मोडी वर्गातल्या एका मुलीने हे दाखवून दिले. दगडावर सहाचा सात करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते चुकीच्याच सनाचे अनावरण झाले आणि दहा दिवसांनी आम्ही गुपचूप फलक बदलला. नव्या दगडाचा खर्च तिघांनी खिशातून केला, समितीच्या खात्याला हात लावला नाही. वह्या केव्हाही पाहाव्यात. चुकीचा दगड माझ्या अंगणात आहे. त्यावर धुणे धुतले जाते ही अफवा आहे.

मजकुरावरूनही दर वेळी रस्सीखेच होते. वारसांना वाटते की पदव्या, मानसन्मान, पणतवंडांची नावे, सगळे यावे. त्यांची भावना समजते. पण आनंदीबाई जोशी यांची रक्षा अमेरिकेत पोकीप्सी इथल्या दफनभूमीत आहे, तिथल्या दगडाकडे पाहा. नाव, डॉक्टरकीची पदवी, १८६५ आणि १८८७ ही दोन सने आणि एक ओळ. बस. आपल्याकडे एका फलकाचा मसुदा दीडशे शब्दांचा आला होता, तो अठरा शब्दांवर आणायला चार महिने लागले आणि एक कुटुंब अजूनही आमच्याशी बोलत नाही. शिवाय निधनाला २० वर्षे झाल्याशिवाय कोणाचाही विचार करायचा नाही हा नियम. तो आपण लंडनच्या अशाच फलक योजनेवरून उचलला आणि त्याने आपल्याला किती वेळा वाचवले हे कार्यकारिणीलाच माहीत. निवडणुकीच्या वर्षी तर फारच.

त्याच लंडनची दुसरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विल्यम यूअर्ट यांनी १८६३ मध्ये तिथल्या पार्लमेंटात ही कल्पना मांडली, १८६६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने ती हाती घेतली आणि १८६७ मध्ये कवी बायरन यांच्या जन्मघरावर पहिला फलक लागला. ते घर १८८९ मध्ये पाडले गेले. घराबरोबर फलकही गेला. पहिल्याच फलकाची ही कथा.

आपल्या पाचव्या फलकाचे तेच व्हायचे होते. नटवर्यांचा वाडा उतरवायला घेतला तेव्हा आम्हाला कोणीही कळवले नाही. सकाळी पेपर टाकणाऱ्या मुलाने राडारोड्याच्या ट्रकमध्ये कोपरा तुटलेला फलक पाहिला, सायकल आडवी घातली आणि ट्रक थांबवला. तो फलक आज वाचनालयाच्या जिन्याखाली, पोत्यात गुंडाळून ठेवलेला आहे. नवी इमारत उभी राहिली, तळमजल्यावर दुकाने आली. तिथल्या सोसायटीला आम्ही तीन पत्रे दिली. “पुढच्या सर्वसाधारण सभेत घेऊ” असे उत्तर मिळाले. ती सभा बहुधा अजून व्हायची आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यापायी दोन घरमालकांनी नकार दिला. स्मृतिफलक लावल्याने घर वारसा यादीत जात नाही, पुनर्विकास अडत नाही, भाडेकरूचा किंवा मालकाचा कोणताही हक्क बदलत नाही. फलकाला कायद्याचे कसलेच संरक्षण नाही. घरमालकांना हा दिलासा आहे आणि आमच्यासाठी तेच दुखणे आहे. पुण्यातल्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही तो वाडा वर्षानुवर्षे मोडकळीस येत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उतरवावा लागला. तिथे स्मारक व्हायचे आहे, ते व्हावेच. पण जुनी वास्तू गेली ती गेली. एवढ्या मोठ्या नावाच्या वास्तूची ही गत, तर आपल्या पेठेतल्या कंपोझिटरच्या, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या, दोन खोल्यांना कोण विचारतो?

त्या दोन खोल्यांचाच प्रश्न आता आला आहे. यंदाच्या चार फलकांपैकी पहिला आपल्या जुन्या साप्ताहिकाच्या छापखान्यातल्या त्या कंपोझिटरांचा, ज्यांनी जामिनासाठी घरातली भांडी मोडली. घराच्या पुनर्विकासाचा करार झाला आहे. मालक सज्जन आहेत. फलक आत्ता लावा, पाडकामाच्या वेळी तो उतरवून देऊ आणि नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारी पुन्हा बसवू, असे कलम त्यांनी आपणहून करारात घालून घेतले. असा मालक पुन्हा भेटणार नाही. दुसरा फलक देवी डॉक्टरांचा, जे देवीच्या रोगावरच्या टोचायच्या लशी घेऊन बैलगाडीने वाड्या-वस्त्या फिरले. तिसरा रात्रशाळेच्या मास्तरांचा. चौथा लावणी गाणाऱ्या बाईंचा. या चौथ्यावरून कार्यकारिणीत दोन बैठका वाजल्या. “फलकावर नेमके काय लिहिणार?” असे एका सदस्यांनी विचारले. “गायिका” असे लिहिणार. आजवरच्या ११ फलकांत स्त्रीचा फलक एकच आहे याची मला चिटणीस म्हणून लाज वाटते. लंडनमध्येही स्त्रियांचे फलक १५ टक्क्यांच्या आसपासच आहेत असे कोणीतरी सांगितले, जणू ती सबब झाली.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी आपण १२० पत्रे टाकली. उत्तरे ९ आली, त्यातली ३ पत्ता बदलल्याची. अनावरणाला मात्र गर्दी होते, फोटोत उभे राहायला जागा पुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या उचलायला आम्ही चौघेच असतो. एका मोठ्या संस्थेने पूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली (नाव घेत नाही), पण “सौजन्य” ही ओळ स्मृतिव्यक्तीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात हवी होती. आपण नम्रपणे नकार दिला. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर खिशात हात घातला ते मला माहीत आहे, आणि त्यांनाही. वाढदिवसांच्या फ्लेक्सबद्दल काय लिहावे? शाहिरांचा फलक वर्षातले निदान दोन महिने कोणाच्या ना कोणाच्या हसऱ्या चेहऱ्यामागे असतो. फ्लेक्स काढायला गेलो तर शिव्या आम्हालाच. असो. लिहायचे नव्हते, लिहिले गेले.

व्यवहाराचे थोडक्यात. एक पूर्ण फलक एका घराने किंवा मित्रमंडळाने मिळून उचलला तर उत्तम, नाहीतर जमेल तेवढे. रोख, धनादेश, ऑनलाइन काहीही चालेल, पण फक्त समितीच्या नावावर, कोणाच्याही व्यक्तिगत नंबरवर नको. खाते क्रमांक वाचनालयाच्या सूचनाफलकावर आणि पावतीपुस्तकाच्या मागे आहे. पावती त्याच दिवशी मिळेल. ८०जी नोंदणी झालेली नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. देणगीदारांची नावे फलकावर येणार नाहीत, वार्षिक अहवालात येतील. कारागिरांना आगाऊ रक्कम महिनाअखेर द्यायची आहे, तेव्हा त्याआधी. पैशाव्यतिरिक्त हवे ते असे: कंपोझिटरांचा एखादा फोटो, गाणाऱ्या बाईंच्या घराचा जुना घरपट्टीचा कागद, मोडी वाचणारे आणखी दोघे, न गंजणाऱ्या स्टीलचे स्क्रू (साधे वापरले की भिंतीवर तांबडे ओघळ येतात, तिसऱ्या फलकाखाली पाहा) आणि रविवारी सकाळी दोन तास. संध्याकाळी सहा ते साडेसात वाचनालयाच्या माडीवर कोणी ना कोणी असते. गुरुवारी नसते. पहिल्या बैठकीला वर्तमानपत्र वाचायला आलेल्या त्या दोघांपैकी एक जण आज आपले खजिनदार आहेत, तेव्हा नुसते वाचायला आलात तरी चालेल.

आपला,
चिटणीस, स्मृतिफलक समिती

ता. क. समितीची बारा फुटी अॅल्युमिनियमची शिडी गणपतीच्या मांडवासाठी कोणीतरी नेली आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया आणून द्यावी. देवी डॉक्टरांच्या घराची भिंत उंच आहे.