पॅकेजचा आकडा आणि हातात येणारा पगार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या जवळ आल्या की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत महाविद्यालयांच्या पानभर जाहिराती येऊ लागतात आणि इमारतीच्या छायाचित्राखाली 'सर्वोच्च पॅकेज' या शब्दांपुढे लाखांतला एक आकडा ठळक छापलेला असतो. हे पत्र त्या आकड्याविषयी आहे. चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे उत्पादन विभागात काढली आणि नव्या पदवीधर प्रशिक्षणार्थी अभियंत्यांच्या, म्हणजे ज्यांना आम्ही 'जीईटी' म्हणतो त्यांच्या, मुलाखती घेणाऱ्या मंडळात दरवर्षी बसलो. पगाराची अपेक्षा किती, हा प्रश्न आम्ही अगदी शेवटी विचारत असू आणि उत्तर ऐकून माझ्या सहकाऱ्यांना हसू येत असे. मलाही सुरुवातीला ते आले. पण पुढे लक्षात आले की तो आकडा त्या मुलाचा नव्हताच, तो चार वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी वाचलेल्या जाहिरातीतला होता.

सर्वोच्च पॅकेज हे एका विद्यार्थ्याचे असते, त्यामुळे उरलेल्यांविषयी ते काहीच सांगत नाही, हे बहुतेकांना कळते. फसगत होते ती सरासरीने. समजा, एका शाखेतील १०० विद्यार्थ्यांपैकी ६० जणांना नोकरी मिळाली. त्यात एकाला ४० लाख, चौघांना प्रत्येकी १२ लाख आणि उरलेल्या ५५ जणांना साडेतीन लाख मिळाले. या ६० जणांची सरासरी ४ लाख ६७ हजारांवर जाते, मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र साडेतीन लाखच राहतो आणि ज्या ४० जणांना काहीच मिळाले नाही ते या हिशेबात कोठेही दिसत नाहीत. मध्यक म्हणजे काय, हे आपण दहावीच्या गणितात शिकवतो. त्याचा उपयोग करण्याची वेळ चार वर्षांच्या शुल्काचा निर्णय घेताना येते आणि नेमक्या त्याच वेळी तो कोणी विचारत नाही. उच्च शिक्षण संस्थांच्या केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी, जी २०१६ पासून जाहीर होते, सहभागी संस्थांना किती विद्यार्थी वेळेत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचे मध्यक वेतन किती, ही माहिती द्यावी लागते. म्हणजे आकडा काढणे अवघड आहे, ही सबब तरी या संस्थांना चालणार नाही.

आता पॅकेज, म्हणजे कंपनी एका कर्मचाऱ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, आणि हातात येणारा पगार यांतील अंतर पाहू, कारण नव्या पदवीधराचा पहिला अपेक्षाभंग बहुधा पहिल्या वेतनचिठ्ठीवरच होतो. ऑफर लेटरवर वार्षिक ३,६०,००० रुपये असतील तर घरात सगळे बारा महिन्यांनी भाग देऊन ३०,००० म्हणतात. वेतन संहिता या केंद्रीय कायद्यातील व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर जादा भाग वेतनातच धरला जातो. म्हणून आपणही मूळ वेतन निम्मे, म्हणजे महिना १५,००० धरू. त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के वाटा महिन्याला १,८०० रुपये, वर्षाला २१,६०० होतो आणि तो पॅकेजमध्येच मोजलेला असतो. उपदानासाठी, ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात त्यासाठी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ८,६५८ रुपये धरले जातात. आणि कायम नोकरीत ही रक्कम पदरात पडायला सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे सेवा लागते, इतकी वर्षे पहिल्या नोकरीत आज फार थोडे जण थांबतात. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम वर्षाला ३०,००० आणि आरोग्य विम्याचा हप्ता ६,००० धरला, तर महिन्याला उरतात सुमारे २४,५०० रुपये. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निर्वाह निधीचा वाटा १,८०० आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिना २५,००० पर्यंत वेतन असलेल्या महिलांना तो माफ आहे) वजा करा. खात्यावर साडेबावीस हजार जमा होतात. प्राप्तिकराची भीती मात्र येथे अनाठायी आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगाराला कर लागत नाही.

निर्वाह निधीचे पैसे बुडत नाहीत, ते मुलाच्याच नावावर राहतात, हे मान्य. पण पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसचा डबा लावणाऱ्या आणि रोज हिंजवडीला जाऊन येणाऱ्या मुलाला महिना भागवायचा असतो तो साडेबावीस हजारांत, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ताही त्यातूनच जायचा असतो. म्हणून 'आजकालच्या मुलांच्या अपेक्षाच अवास्तव आहेत' हे उद्योगजगतातील आवडते वाक्य मला अर्धेच खरे वाटते. मोठ्या आयटी कंपन्यांत सर्वसाधारण भरतीचे प्रारंभिक वेतन गेली दहा-पंधरा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिले आहे आणि त्याच काळात घरभाडे, शुल्क आणि किराणा कोठे गेला, हे वाचकांना सांगायला नको. त्याहून अधिक मागणारा मुलगा लोभी नसतो. बाजारात त्याच्यासारखे किती जण उभे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखानिहाय प्रवेशक्षमतेवरील मर्यादा काढून टाकली आणि संगणक शाखेच्या जागा झपाट्याने वाढल्या. या तुकड्या एकदम बाहेर पडतील तेव्हा सर्वसाधारण कोडिंग येणाऱ्या पदवीधराचा भाव वाढेल, असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

बातम्यांमुळेही गोंधळ होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंट या आयटी कंपनीच्या वार्षिक २.५२ लाखांच्या ऑफरवरून समाजमाध्यमांत बरीच थट्टा झाली. ती ऑफर तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी होती आणि अभियंत्यांना ४ ते १२ लाख देतो, असा खुलासा कंपनीने नंतर केला. परंतु तोवर 'इंजिनिअरला महिना वीस हजार' हेच अनेकांच्या डोक्यात पक्के बसले होते. त्या खुलाशातील ४ आणि १२ यांमधले अंतर अधिक विचार करण्यासारखे आहे. एकाच कंपनीत, एकाच वर्षी, एकाच पदवीच्या दोघांना तिप्पट फरकाने पगार मिळतो तो कोडिंगची चाचणी आणि तांत्रिक मुलाखत यांच्या जोरावर. चार वर्षांत स्वतःच्या हाताने पूर्ण केलेला एखादा प्रकल्प, ज्यातल्या चुकाही मुलगा सांगू शकतो, तो तेथे उपयोगी पडतो. सिनियरकडून विकत आणलेला प्रकल्प दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो, हे मी शंभरदा पाहिले आहे.

यंत्र, विद्युत आणि स्थापत्य शाखांची स्थिती थोडी निराळी आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी येथील कारखान्यांत पहिले वर्ष प्रशिक्षणार्थी म्हणून जाते, पाळ्या तिन्ही असतात, आणि प्रारंभीचा पगार आयटीतील मित्रापेक्षा कमी असू शकतो. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलेल्या पदवीधराला तर पगार नव्हे, विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांनी त्याची किमान रक्कम महिना ९,००० रुपये ठरवली होती. हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नाही, हे प्लेसमेंटच्या यादीत नाव घालताना महाविद्यालयाने स्पष्ट लिहिले पाहिजे. तरीही ज्याला मशीनजवळ उभे राहण्याचा कंटाळा नाही, गुणवत्ता तपासणी, मेंटेनन्स, टूल रूम यांपैकी एखादे काम जो मुळापासून शिकतो, त्याचा पगार तीन-चार वर्षांनी चांगला वाढतो. पहिल्या नोकरीत मी मुलाला विचारेन ते एवढेच, की तुला काम शिकवणारा वरिष्ठ कोण आहे.

बाँडविषयी, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याच्या कराराविषयीही, थोडे लिहिणे भाग आहे. 'बाँडला न्यायालयात किंमत नसते' असे मुले एकमेकांना सर्रास सांगतात. विजया बँकेशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेतील अधिकाऱ्याचे होते, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीच्या प्रत्येक बाँडला ते जसेच्या तसे लागू होईल असे नाही. पण सही करण्यापूर्वी रक्कम आणि मुदत वाचावी, इतके तरी त्यातून घ्यावे. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायला देऊ नये. आणि ऑफर लेटर म्हणजे रुजू होण्याची तारीख नव्हे. २०२२ च्या तुकडीतील कितीतरी मुलांनी हातात ऑफर असताना वर्ष-दोन वर्षे वाट पाहिली, आणि दुसरीकडे प्रयत्न करण्याचे वय त्यांनी त्या प्रतीक्षेत घालवले.

माझी सूचना प्रवेशप्रक्रिया पाहणाऱ्या शासनाच्या सीईटी कक्षासाठी आणि तंत्रशिक्षण परिषदेसाठी आहे. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाने प्रत्येक शाखेसाठी चार आकडे जाहीर करणे सक्तीचे करावे: पदवीधर किती झाले, ऑफर किती आल्या, प्रत्यक्षात रुजू किती झाले, आणि रुजू झालेल्यांचे मध्यक मासिक वेतन, तेही कपाती वजा जाता. एका विद्यार्थ्याच्या तीन ऑफर तीनदा मोजण्याची प्रथा यामुळे आपोआप बंद होईल. हा नियम होईपर्यंत काही काळ जाईल, याची मला कल्पना आहे. तोवर आपल्या जाहिरात विभागाने 'सर्वोच्च पॅकेज' छापायला आणणाऱ्या संस्थांकडे त्याच आकाराच्या अक्षरांत मध्यकही मागावा, अशी विनंती करतो. काही जाहिराती कमी होतील, हे मी गृहीत धरूनच लिहीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उत्पादन अभियंता,
पुणे