शवासनाआधीची तयारी

यावल, जि. जळगाव

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शवासनात पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याचा अभ्यास तू सुरू करणार आहेस, हे वाचून बरे वाटले. मात्र त्यासाठी मोठी खोली मिळेपर्यंत थांबावे, हा तुझा विचार मला पटत नाही. साडेसहा फूट लांब आणि हात अंगापासून थोडे दूर ठेवता येतील इतकी रुंद जागा पुरते, आणि तुझ्या जळगावच्या खोलीत पलंग व कपाट यांच्यामध्ये तेवढी निघेल. खरी अडचण वेळेची आहे.

आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून कामावरून आल्यानंतरचा बेत सोडून दे. शिवाय शेवभाजी-भाकरीचे जेवण झाल्यावर तीन-चार तास तरी अंग जड असते. तेव्हा पडलीस तर झोपच लागेल. सूर्योदयाच्या आधीची वेळ सर्वांत थंड, तीच धर. फक्त नळाला पाणी येण्याचा वार आणि वेळ आधी पाहून ठेव, कारण टाकी रिकामी आहे हे ठाऊक असताना तुझे लक्ष डाव्या गुडघ्याकडे न जाता मोटारीच्या आवाजाकडे जाईल. त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी दिलीस तरी चालेल, पण ती आधीच ठरलेली असू दे.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आणि पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रुळलेल्या, ताण हलका करण्याच्या अभ्यासक्रमात हे शरीर-निरीक्षण पाऊण तासाचे असते. तू वीस मिनिटांपासून आरंभ कर, पण अर्धा तास राखून ठेव; सतरंजी अंथरणे, अंबाडा सोडणे, शेवटी कुशीवर वळून सावकाश उठून बसणे, हे सगळे त्यातच धरायचे. घड्याळाकडे डोळे उघडून पाहावे लागू नये म्हणून मोबाइलवर मंद गजर लाव आणि नेट बंद कर.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात साधकाच्या कुटीचे वर्णन आहे : दार लहान, खिडकी नाही, जमीन शेणाने सारवलेली, किड्यामुंग्या नाहीत. खिडकीपुरते ग्रंथाचे ऐकू नकोस, आपल्या उन्हाळ्यात ते जमणारे नाही. किड्यामुंग्यांचे मात्र जरूर ऐक, कारण एक डास सगळे लक्ष घेऊन जातो. आदल्या रात्रीच फरशी ओल्या फडक्याने पुसून घे. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नकोस. निश्चल पडल्यावर शरीर थंड होत जाते, म्हणून उन्हाळ्यातही पातळ चादर जवळ असावी. पौषातल्या थंडीत फरशी गार पडते, तेव्हा सतरंजीखाली घोंगडी घाल. कमरेला ताण जाणवला तर गुडघ्यांखाली लोड ठेव. उशी पातळच हवी.

सोबतच्या मुलीला ही वेळ स्पष्ट सांगून ठेव. तिने गप्प बसावे अशी अपेक्षा करू नकोस. त्या अर्ध्या तासात तिने तुला हाक मारू नये, एवढे पुरे. सतरंजी आणि लोड मामांबरोबर रविवारी पाठवतो. तुमच्याकडे पाणी कोणत्या वारी येते, ते कळव.

तुझे,
नाना