विमानसेवा तीन वर्षांपुरती नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेत सुरू झालेले काही मार्ग पुढे बंद पडले. असा मार्ग बंद झाला की ‘प्रवासीच नाहीत’ एवढ्यावर आपल्याकडची चर्चा थांबते. या संदर्भात स्कॉटलंडच्या लोगनएअर कंपनीचा इतिहास मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

एका बांधकाम व्यावसायिकाने १९६२ साली हवाई टॅक्सी म्हणून काढलेली ही कंपनी पुढे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांमध्ये उडू लागली. त्याआधी १९३०च्या दशकात कॅप्टन फ्रेसन यांच्या हायलँड एअरवेजने ही बेटे विमानाने जोडली होती. परंतु महायुद्ध आले, मागोमाग विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि छोट्या बेटांची थांबलेली सेवा लोगनएअर येईपर्यंत पुन्हा सुरू झालीच नाही.

ऑर्कनीतल्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधले १९६७ पासूनचे दोन मिनिटांचे उड्डाण जगातले सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून प्रसिद्ध आहे. मला मात्र त्या मार्गावरचे प्रवासी अधिक महत्त्वाचे वाटतात. विमान इतके लहान की वैमानिकाच्या शेजारच्या आसनावरही प्रवासी बसतो, आणि त्यात शाळेवर निघालेले शिक्षक असतात, ऑर्कनीचे मुख्य शहर असलेल्या किर्कवॉलच्या रुग्णालयात जाणारे रुग्ण असतात. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत आहे. केवळ तिकिटांच्या पैशांवर हे विमान कधीच चालले नसते. ते चालते, कारण ऑर्कनीची बेट परिषद रीतसर कंत्राट देऊन तूट सोसते, आणि तेही वर्षानुवर्षे.

आपल्या ‘उडान’मध्ये तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची आहे. बेळगाव हे बेट नव्हे, येथे रेल्वे आणि महामार्ग आहेत, हे मान्य. त्यामुळे सरकारने सगळेच मार्ग पोसावेत, असे माझे म्हणणे नाही. परंतु खानापूर-निपाणीकडच्या माणसाला आजारी आईवडिलांना घेऊन मुंबई गाठायची असते, तेव्हा रात्रभराच्या बसप्रवासाची भीती काय असते, हे सीमाभागात कोणाला सांगायला नको. शिवाय सांबऱ्याचा उपयोग महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यालाही होतो, म्हणून मुंबई-पुण्याच्या मार्गांवरील तुटीत कर्नाटकाबरोबर महाराष्ट्रानेही वाटा उचलावा.

कोणत्याही मार्गाची मुदत संपण्यापूर्वी त्यावरून किती रुग्ण, विद्यार्थी आणि नोकरदार ये-जा करतात याची पाहणी व्हावी व ती जाहीर करावी. आपल्या भागातील लोकप्रतिनिधींनी ही मागणी केंद्राकडे लावून धरावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, खानापूर (जि. बेळगाव)